टायर कधी बदलायचा? पिट स्टॉपचं गणित आणि माझा उलटा आलेला आलेख

पीएच.डी. कशावर करतेस असं कोणी विचारलं की मी सांगते, "बदलीच्या वेळेचं नियोजन." मग समोरच्याला वाटतं मी सरकारी बदल्यांवर काम करते. एका काकांनी तर त्यांच्या मुलाची बदली गडचिरोलीहून जरा जवळ कुठे होईल का, असंही विचारून घेतलं होतं.

खरा विषय साधा आहे. झिजत जाणारी वस्तू, म्हणजे टायर, बेअरिंग, पंपाचा वॉशर, नेमकी कधी बदलायची? लवकर बदलली तर चांगली वस्तू फेकून दिल्यासारखं होतं. उशीर केला तर गाडी रस्त्यात उभी. या दोन्हींच्या मधली वेळ शोधायची, एवढंच.

मला हे काम बसच्या टायरांवर करायचं होतं. एका बस सेवेकडे डेटासाठी अर्ज केला, सात-आठ महिने फेऱ्या मारल्या, आणि दरवेळी "साहेब रजेवर आहेत" ऐकून परत आले. इकडे आरएसीची तारीख जवळ येत होती. शेवटी माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "अगं, पद्धत तरी बसवून ठेव. डेटा कुठला का असेना." म्हणून मी फॉर्म्युला वनकडे वळले. शर्यतींची आवड होती म्हणून नाही, तोवर मी एकही शर्यत पूर्ण पाहिली नव्हती. कारण एवढंच की तिथे प्रत्येक ड्रायव्हरची प्रत्येक लॅप सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदलेली असते आणि ती फुकट मिळते. पायथॉनमध्ये फास्टएफवन नावाची लायब्ररी आहे. २०१८ पासूनच्या शर्यतींसाठी ती कुठल्या लॅपला कुठला टायर होता, तो किती लॅप जुना होता, हेही देते. माझ्यासारख्या डेटासाठी वणवण केलेल्या मुलीला हे म्हणजे घबाडच होतं.

त्या घबाडावर मी जी चूक केली ती सविस्तर सांगते. रिसर्चला नव्याने येणाऱ्या कोणाच्याही हातून ती होऊ शकते, आणि चूक असूनही ती अगदी बरोबर दिसते.

आधी खेळ समजून घेऊ

ज्यांना फॉर्म्युला वन माहीत नाही त्यांच्यासाठी अगदी थोडक्यात. २०१० पासून शर्यतीच्या मध्ये इंधन भरायला बंदी आहे. म्हणजे गाडी सगळं इंधन पोटात घेऊन निघते आणि हळूहळू हलकी होत जाते. पिटमध्ये थांबायचं ते मुख्यतः टायरसाठी. चार चाकं बदलायला चांगल्या टीमला दोन-अडीच सेकंद लागतात, पण खरा वेळ तिथे जात नाहीच. पिटच्या गल्लीत बहुतेक ठिकाणी ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते. बाहेर बाकीच्या गाड्या सुसाट जात असताना आपण या वेगाने आत शिरतो, थांबतो, बाहेर येतो. एकूण फटका साधारण २० सेकंदांचा. ट्रॅकप्रमाणे थोडा कमी-जास्त.

टायर २०११ पासून एकटी पिरेली पुरवते. प्रत्येक शर्यतीला तीन प्रकारचे कोरडे टायर असतात: पांढऱ्या पट्टीचा हार्ड, पिवळ्या पट्टीचा मीडियम, लाल पट्टीचा सॉफ्ट. सॉफ्ट रस्त्याला चिकटून धरतो आणि लवकर दम तोडतो, हार्डचं उलटं. कोरड्या शर्यतीत किमान दोन वेगळे प्रकार वापरावेच लागतात, त्यामुळे एक स्टॉप सक्तीचाच. प्रश्न एवढाच, की एक करायचा की दोन, आणि कधी.

जाता जाता: आपल्याकडे नक्षी गेलेल्या टायरला "गोटा झाला" म्हणतात आणि तो फेकायचा असतो. फॉर्म्युला वनचा कोरडा टायर जन्मतःच गोटा असतो. त्यामुळे नुसतं बघून तो किती झिजला हे आपल्यासारख्याला कळत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

दहा मिनिटांत होणारं मॉडेल

वही-पेन घ्या. समजा शर्यत ७० लॅपची आहे. नव्या टायरवर एका लॅपला लागणारा वेळ हा आपला पाया. टायर एक लॅप जुना झाला की लॅप ०.०६ सेकंदाने मंद होते, दोन लॅप जुना झाला की ०.१२ ने, अशी सरळ रेषा धरू. पिटमध्ये एकदा जाण्याची किंमत २० सेकंद. टायरच्या प्रकारांमधला फरक तूर्त विसरा.

एकच स्टॉप बरोबर मध्यावर केला, तर ३५-३५ लॅपचे दोन तुकडे पडतात. या तुकड्याला स्टिंट म्हणतात. प्रत्येक स्टिंटमध्ये टायरपायी गेलेला वेळ म्हणजे ०.०६ गुणिले शून्यापासून ३४ पर्यंतच्या आकड्यांची बेरीज, जी येते ५९५. दोन्ही स्टिंटचे मिळून ७१.४ सेकंद, वर पिटचे २०. एकूण ९१.४.

दोन स्टॉप केले तर २३, २३ आणि २४ लॅपचे तीन स्टिंट. टायरचे ४६.९, पिटचे ४०. एकूण ८६.९. तीन स्टॉपचा हिशेब तुम्हीच करून बघा, ९४.७ यायला हवा. म्हणजे दोन स्टॉप सर्वात चांगले.

आता ०.०६ च्या जागी ०.०४ घाला. एका स्टॉपचे ६७.६, दोन स्टॉपचे ७१.३. उत्तर फिरलं! आता एकच स्टॉप बरा. कुठल्या आकड्याला उत्तर फिरतं तेही काढता येतं. एक आणि दोन स्टॉपची किंमत सारखी येते ती झीज प्रति लॅप साधारण ०.०४९ सेकंद असताना. हा ०.०४९ डोक्यात ठेवा.

ऑपरेशन्स रिसर्च शिकलेल्यांना हे कुठेतरी पाहिल्यासारखं वाटेल. फोर्ड हॅरिसने १९१३ साली मांडलेलं मालाच्या ऑर्डरचं सूत्र याच घरातलं आहे. तिथे एकदा ऑर्डर देण्याचा खर्च विरुद्ध माल साठवण्याचा खर्च, इथे एकदा पिटमध्ये जाण्याचा खर्च विरुद्ध जुना टायर ओढत राहण्याचा खर्च. दोन्हीकडे वर्गमूळ येतं. त्यामुळे स्टिंटची संख्या दुप्पट व्हायला झीज चौपट व्हावी लागते. आणि दोन्हीकडे तळाशी वक्र सपाट असतो. आपल्या हिशेबात पहिल्या आणि दुसऱ्या योजनेत फरक साडेचार सेकंदांचा आहे, तोही दीड तासाहून जास्त चालणाऱ्या शर्यतीत. वाण्याच्या दुकानात एवढ्या फरकाकडे कोणी ढुंकून पाहणार नाही. शर्यतीत तेवढ्यात पहिला नंबर जातो.

माझा उलटा आलेख

मॉडेलमध्ये मी इंधन घेतलं नव्हतं, आणि ते विचार करूनच घेतलं नव्हतं. गाडी एक स्टॉप करो की तीन, मध्ये इंधन भरायचं नाहीये. सगळ्या योजनांमध्ये गाडी साधारण सारखंच हलकी होत जाते, तो फायदा सगळीकडे तेवढाच, तुलनेत तो उडून जातो. जे सगळीकडे सारखं ते वगळा, हे आपल्याला अकरावी-बारावीपासून शिकवलेलं आहे. इथपर्यंत माझं काहीही चुकलं नव्हतं.

मग मी खरा डेटा घेतला. प्रत्येक स्टिंटसाठी लॅपचा वेळ विरुद्ध टायरचं वय असं रिग्रेशन चालवलं, उतार काढला. तो उतार म्हणजे झीज. आणि उतार आले जवळपास शून्य. कितीतरी स्टिंटमध्ये तर उणे! म्हणजे टायर जितका जुना, तितकी गाडी वेगवान.

इथे शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. मी कारण शोधलं, आणि शोधलं की सापडतंच. टायर तापल्यावर जास्त चांगली पकड देतो हे कुठेतरी वाचलं होतं, ते चिकटवलं. आरएसीच्या सादरीकरणात एक स्लाईड केली: आधुनिक टायर पहिल्या वीस लॅपमध्ये सुधारत जातो. खाली रंगीत आलेख, पी-व्हॅल्यू अशी की बघत राहावं.

मॅडमना गाड्यांमधलं काही कळत नाही. त्या स्कूटर चालवतात. त्यांनी आलेख बघितला आणि विचारलं, "शेवटच्या लॅपला त्या गाडीचं वजन किती असतं गं?"

बस. पुढच्या चार स्लाईड मी दाखवल्याच नाहीत.

हिशेब बघा. २०१९ च्या नियमांनुसार शर्यतीला जास्तीत जास्त ११० किलो इंधनाची मुभा होती. समजा ७० लॅपमध्ये १०५ किलो जळलं, म्हणजे लॅपला दीड किलो. या खेळात सरसकट वापरला जाणारा ठोकताळा असा, की १० किलो वजन कमी झालं की लॅप साधारण ०.३ सेकंदाने सुधारते. म्हणजे दीड किलोला ०.०४५ सेकंद. प्रत्येक लॅपला टायर गाडीला मंद करतोय आणि इंधन तिला वेगवान करतंय. आपल्याला घड्याळात दिसते ती दोन्हींची वजाबाकी. खरी झीज ०.०६ असेल तर दिसणार फक्त ०.०१५. खरी झीज ०.०४ असेल तर दिसणार उणे ०.००५, आणि मी म्हणणार टायर सुधारला.

आता तो ०.०४९ आठवा. एक स्टॉप की दोन, हे ठरवणारी रेघ ०.०४९ वर आहे, आणि मी वगळलेली गोष्ट ०.०४५ ची आहे. म्हणजे किरकोळ म्हणून सोडून दिलेली चूक जवळजवळ अख्ख्या निर्णयाएवढी होती.

मला हे समजायला वेळ लागला, म्हणून पुन्हा सांगते. इंधन निर्णयातून वगळता येतं, कारण ते प्रत्येक पर्यायात सारखं आहे. मोजमापातून वगळता येत नाही, कारण ते प्रत्येक लॅपमध्ये सारखं नाही. मी एकीकडची सवलत दुसरीकडे वापरली. गंमत म्हणजे हीसुद्धा नियमांची मेहेरबानी आहे. १९९४ ते २००९ या काळात मध्ये इंधन भरता यायचं. तेव्हा जास्त स्टॉप म्हणजे प्रत्येक वेळी कमी इंधन, म्हणजे हलकी गाडी. १९९८ च्या हंगेरियन ग्रां प्रीमध्ये फेरारीच्या रॉस ब्रॉनने मायकेल शूमाकरची योजना शर्यतीच्या मध्येच दोनाची तीन स्टॉपची केली आणि १९ लॅपमध्ये २५ सेकंद कमवायला सांगितले. शूमाकरने ते कमावले आणि शर्यत जिंकली. त्यात ताज्या टायरइतकाच हलक्या टाकीचा हात होता. त्या काळाच्या डेटावर माझं मॉडेलसुद्धा चुकलं असतं.

इंधन आणि टायर वेगळे कसे करायचे?

सोपं वाटतं ना, रिग्रेशनमध्ये इंधनासाठी एक व्हेरिएबल वाढवायचा? करून बघा. एका स्टिंटमध्ये टायरचं वय एकाने वाढतं तेव्हा इंधनही बरोबर एका लॅपचं कमी होतं. दोघं हातात हात घालून चालतात. संगणकाला त्यांच्यातलं कोण कोण हे सांगता येत नाही, आणि डेटा कितीही वाढवला तरी येणार नाही. कोलिनिॲरिटीची व्याख्या तुम्ही नेटसाठी पाठ केली असेल. ती अशी दिसते.

सुटका पिट स्टॉपमध्येच आहे. टायर बदलला की त्याचं वय शून्यावर येतं, इंधन मात्र जिथे होतं तिथूनच पुढे कमी होत राहतं. दोघांचे हात तिथे सुटतात. म्हणून एक-एक स्टिंट वेगळा न घेता अख्खी शर्यत एकत्र घ्यायची. त्याहून चांगलं म्हणजे एकाच लॅपवरच्या दोन गाड्या बघायच्या. दोघींच्या टाक्या साधारण सारख्याच रिकाम्या, टायरची वयं वेगळी. गाडी आणि ड्रायव्हर यांचा फरक वेगळा काढावा लागतो, पण तो शर्यतभर बराचसा स्थिर असतो, त्यामुळे काढता येतो.

एवढं केल्यावर माझे उतार सुलटे झाले. दोन दिवस मी खुश होते.

मग लक्षात आलं की ट्रॅकवर गाडी एकटी नसते. पुढच्या मंद गाडीच्या मागे अडकलेल्या ड्रायव्हरची लॅप टायरमुळे मंद नसते. ते लॅप काढून टाकले. सेफ्टी कारच्या मागचे लॅप काढले. तरी एक गोष्ट उरली: ड्रायव्हर माणूस आहे. ज्याला ४० लॅप जायचंय तो पहिल्यापासून टायर जपून चालवतो, ज्याला १५ जायचंय तो पिळून काढतो. म्हणजे लांब स्टिंटमधला टायर कमी झिजलेला दिसतो, कारण स्टिंट लांब आहे हे आधीच ठरलेलं होतं. कारण आणि परिणाम इथे उलटेही फिरतात. याला माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही. रेडिओवरचं बोलणं वापरून काही लोक प्रयत्न करतात, मला ते फारसं पटत नाही, कारण आपलं बोलणं प्रतिस्पर्धी ऐकतोय हे ड्रायव्हरला माहीत असतं.

न दिसलेले टायर

यापेक्षाही खोल खड्डा पुढे आहे. टायरची झीज शेवटपर्यंत सरळ रेषेत जात नाही. एका टप्प्यानंतर कडेलोट होतो. लॅप दशांश सेकंदांनी बिघडत होत्या त्या अचानक एक-दोन सेकंदांनी बिघडू लागतात. निर्णयासाठी सर्वात महत्त्वाचं तेच, की कडा कुठे आहे. आणि डेटात नेमका तोच भाग जवळजवळ नसतो! कारण कुठलीही शहाणी टीम कडा यायच्या आधीच टायर काढते. आपल्याला दिसतात ते सगळे वेळेवर काढलेले टायर. न काढता ठेवले असते तर काय झालं असतं, ते दिसतच नाही. संख्याशास्त्रात याला सेन्सॉर्ड डेटा म्हणतात. दवाखान्याच्या अभ्यासात मध्येच गाव सोडून गेलेल्या रुग्णांसारखं. फक्त इथे ते गाव सोडून जातात तेच तब्येत बिघडायची चिन्हं दिसली म्हणून, त्यामुळे नेहमीची सूत्रंही सरळ लागू होत नाहीत.

उलट प्रकारही आहे. २०१३ ची इंडियन ग्रां प्री, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. सेबास्टियन वेटेलने सॉफ्ट टायरवर सुरुवात केली आणि दुसऱ्याच लॅपनंतर तो पिटमध्ये आला. डेटा आंधळेपणाने वाचला तर वाटेल की सॉफ्ट टायर दोन लॅप टिकतो. खरं कारण असं की त्या दिवशी सॉफ्ट फार लवकर खराब होणार हे दिसत होतं, आणि दोन प्रकार वापरायची सक्ती होती. मग ती कटकट पहिल्या दोन लॅपमध्येच उरकून टाकली. तो बराच मागे पडला, आणि तरी शर्यत जिंकून चौथं विश्वविजेतेपद घेऊन गेला. टायर काढला यावरून टायर संपला होता असं सिद्ध होत नाही.

मग कड्यापलीकडचा डेटा आणायचा कुठून? जिथे टीमला टायर काढायचा होता पण काढता आला नाही, तिथून. अशी एक शर्यत मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता आईलाही ती पाठ आहे.

हंगेरी, ४ ऑगस्ट २०१९

बुडापेस्टजवळचा हंगरोरिंग ट्रॅक, ७० लॅप. वळणंच वळणं, ओव्हरटेक करणं अवघड. रेड बुलचा मॅक्स वर्स्टापेन पुढे, मर्सिडीजचा लुईस हॅमिल्टन मागे. वर्स्टापेनने २५ व्या लॅपला टायर बदलून हार्ड घेतले, हॅमिल्टनने ३१ व्या लॅपला. हॅमिल्टनचा टायर सहा लॅप ताजा, त्या जोरावर त्याने गाठलं, बाहेरून जायचा प्रयत्न केला, पण रुंद गेला आणि पुन्हा मागे पडला. असंच चाललं तर दुसरा नंबर नक्की होता.

४८ व्या लॅपला मर्सिडीजने त्याला पुन्हा आत बोलावलं आणि मीडियम टायर लावले. बाहेर आला तेव्हा तो साधारण २० सेकंद मागे, २२ लॅप शिल्लक. म्हणजे लॅपला जवळपास एक सेकंद कमवायचा, आणि वर ओव्हरटेक करायचं. रेडिओवर हॅमिल्टनला स्वतःलाच या योजनेची खात्री वाटत नव्हती.

माझ्या दहा मिनिटांच्या मॉडेलमध्ये हा निर्णय बसत नाही, कारण माझ्या मॉडेलमध्ये दुसरी गाडीच नाही. इथे तीन गोष्टी बघा. एक, तिसरा आलेला वेटेल शेवटी एक मिनिटाहून मागे होता. म्हणजे डाव फसला तरी हॅमिल्टन दुसराच राहणार. गमावण्यासारखं काही नाही. दोन, रेड बुलकडे उत्तर नव्हतं. हॅमिल्टन अगदी मागेच होता. त्याने ताजे टायर लावून एक लॅप मारली, की वर्स्टापेन पुढच्या लॅपला आत जाऊन बाहेर येईपर्यंत हॅमिल्टन पुढे गेलेला असणार. यालाच अंडरकट म्हणतात. म्हणजे थांबलं तर आत्ता आघाडी जाणार, न थांबलं तर कदाचित नंतर जाणार. कोणीही "नंतर"च निवडेल. तीन, आणि मला सर्वात आवडणारी: पुढे असणं इथे अडचणीचं होतं. मागच्याला पुढच्याने काय केलं ते दिसतं आणि तो त्याच्या उलट करू शकतो. पुढच्याला आधी पत्ता टाकावा लागतो.

वर्स्टापेनचा हार्ड टायर ४० लॅपच्या पलीकडे गेला, गाडी घसरू लागली, आणि ६७ व्या लॅपला हॅमिल्टन पहिल्या वळणावर पुढे गेला.

पुढच्या वेळी रेड बुल शहाणं झालं असेल असं वाटतं ना? ९ मे २०२१, स्पेन, ६६ लॅप. वर्स्टापेन पुढे, हॅमिल्टन मागे. ४२ व्या लॅपला हॅमिल्टन दुसऱ्यांदा आत. रेड बुलला आता पुढचं सगळं माहीत होतं आणि करता काहीच येत नव्हतं. ६० व्या लॅपला तेच झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अबू धाबीला पारडं फिरलं. शेवटच्या सेफ्टी कारच्या वेळी हॅमिल्टन पुढे होता, आघाडी सोडून टायर बदलणं त्याला परवडणारं नव्हतं, आणि मागच्या वर्स्टापेनने ताजे सॉफ्ट टायर घेतले. त्या दिवशीच्या नियमांचा वाद वेगळा, त्यात मी पडत नाही. पण पिटचा पेच तोच होता.

माझ्या कामासाठी हंगेरीची किंमत वेगळीच आहे. वर्स्टापेनने तो टायर ठेवला तो टायर चांगला होता म्हणून नाही, तो अडकला होता म्हणून. निर्णय टायरच्या तब्येतीवरून झालेला नाही, म्हणून त्या शेवटच्या लॅप मला खऱ्या म्हाताऱ्या टायरचं खरं वागणं दाखवतात. सेफ्टी कारचा उपयोग मी आरशातल्यासारखा उलटा करते. तेव्हा सगळेच मंद चाललेले असतात, त्यामुळे पिटमध्ये जाण्याचा फटका खूप कमी होतो आणि चांगले टायरही काढले जातात. ते काढले जातात स्टॉप स्वस्त झाला म्हणून. इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल हा शब्द पुस्तकात वाचून मला कधी कळला नव्हता, इथे कळला. अर्थात अशा घटना मोजक्याच मिळतात आणि माझ्या अंदाजांचे पट्टे अजून बरेच रुंद आहेत. म्यूनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी शर्यतीचं सिम्युलेशन खुलं करून ठेवलंय, त्यात अपघात, बिघाड असे नशिबाचे भाग मॉन्टे कार्लो पद्धतीने घातलेले आहेत. ज्यांना हात घालायचाय त्यांनी तिथून सुरुवात करावी, माझ्या कोडपासून नको.

आणि बसचे टायर? गेल्या महिन्यात डेटा मिळाला, अखेर. तीन जाड रजिस्टरं, फोटो काढून काढून एक्सेलमध्ये भरली. टायरचा नंबर आहे, लावल्याची तारीख आहे, काढल्याची तारीख आहे, किलोमीटर आहेत, रिमोल्ड केला की नाही तेही आहे. का काढला, हा रकानाच नाही. पंक्चर होऊन फाटला, गोटा झाला, की गाडी सर्व्हिसिंगला उभीच होती म्हणून हाताबरोबर बदलला, काही कळायला मार्ग नाही. डेपोतल्या टायर विभागाच्या काकांना विचारलं तर म्हणाले, "त्यात काय लिहायचं मॅडम, काढला की काढला."

पण बसचा टायर जन्मतः गोटा नसतो, त्याच्यावर नक्षी असते. तेव्हा सध्या आठवड्यातले दोन दिवस मी डेपोच्या मागच्या आवारात काढलेल्या टायरांच्या ढिगाऱ्यापाशी बसते, खोली मोजायची पट्टी घेऊन. आतापर्यंत १४० झाले. नक्षी शिल्लक असेल तर खडूने एक फुली मारते. काकांनी परवा चहा पाठवला आणि विचारलं, की फुलीवाले परत गाडीला लावायचे आहेत का.